ए-१७०२ : तेरुएलच्या डोंगरांतील निःशब्द रस्ता

पडद्यावर दिसणारा हा फाटा स्पेनच्या आरागोन प्रदेशातील तेरुएल प्रांतात, गार्गायो या खेड्याजवळ आहे. ज्या रुंद रस्त्यावरून मालमोटारी धावत आहेत तो एन-२११ हा राष्ट्रीय मार्ग, आणि त्याला फुटून दक्षिणेकडे डोंगरांत शिरणारा अरुंद रस्ता म्हणजे ए-१७०२. सुमारे ६३ किलोमीटरचा हा रस्ता मायेस्त्रास्गोचा डोंगराळ मुलूख ओलांडून क्वार्तो पेलादोच्या खिंडीपाशी दुसऱ्या मोठ्या रस्त्याला मिळतो. तेथून कान्ताव्येखा गावापर्यंत उतार आहे. पर्यटकांसाठी या रस्त्याला अलीकडे ‘द सायलेंट रूट’ असे नाव देण्यात आले आहे. स्पेनच्या खेड्यांतून जाणाऱ्या रस्त्याला इंग्रजी नावाची गरज का भासावी, हे आम्हांला उमगले नाही. नाव मात्र खोटे नाही.

(निवेदन थांबते. चाकांची घरघर, साखळीचा आवाज, दूरवर मेंढ्यांच्या गळ्यांतील घंटा.)

मे महिन्यातील सकाळ आहे. सायकलस्वाराच्या तोंडातून वाफ निघते आहे, कारण येथे सूर्य वर येईपर्यंत मे महिन्यातही हातमोजे काढता येत नाहीत. रस्त्याच्या कडेला सातूची हिरवी शेते आणि त्यांत उठून दिसणारी लाल खसखशीची रानटी फुले आहेत. मागून एक छोटी व्हॅन येते आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. वळण संपून पुढचा रस्ता दिसेपर्यंत चालक सायकलच्या मागेच थांबतो, हॉर्न वाजवीत नाही, आणि मग पलीकडच्या बाजूने पुरेसे अंतर ठेवून पुढे जातो. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे, असा स्पेनचा कायदा आहे आणि दोन सायकलस्वारांना शेजारी शेजारी चालण्याची मुभाही तोच कायदा देतो. त्या दिवशी पहिल्या दोन तासांत आम्हांला भेटलेल्या गाड्यांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

ही शांतता डोंगरांना जन्मजात मिळालेली नाही. तेरुएल प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे १४,८०० चौरस किलोमीटर असून त्यात जेमतेम १,३५,००० माणसे राहतात. महाराष्ट्रातील कितीतरी तालुक्यांची लोकसंख्या याहून अधिक आहे. उतारावर एकटी उभी असलेली, छप्पर खचलेली ही दगडी घरे ‘मासिया’ म्हणून ओळखली जातात. एका मासियात एक कुटुंब, त्याची जनावरे, भाकरीची भट्टी आणि खळे असा सगळा संसार नांदत असे, आणि हे डोंगर अशाच विखुरलेल्या संसारांनी भरलेले होते. यादवी युद्धानंतर, १९४० च्या दशकात, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीविरुद्ध लढणारे गनिमी सैनिक या रानांत लपून राहत. त्यांना अन्न आणि आसरा मिळू नये म्हणून पोलिसांनी मासियांवर बंधने घातली, रात्री घरे रिकामी करायला लावली, चाव्या ताब्यात घेतल्या. पुढच्या दशकांत बार्सेलोना, व्हॅलेन्सिया आणि सारागोसा येथील कारखान्यांनी उरलेल्या तरुणांना ओढून नेले. १९९९ मध्ये या प्रांतात उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या चळवळीचे नावच ‘तेरुएल अस्तित्वात आहे’ असे होते आणि २०१९ मध्ये तिचा प्रतिनिधी संसदेत पोहोचला. शाळा, दवाखाने आणि रेल्वे यांविषयीच्या तिच्या मागण्या अजून संपलेल्या नाहीत.

एखुल्वे गावात रस्ता घरांना अगदी खेटून जातो. येथील नळाकोंडाळ्याचे पाणी बाटलीत भरून घ्यावे, कारण यापुढे माखालिनोसची खिंड आहे. या चढाचे चित्रण आम्ही मुद्दाम लांबवले आहे. सायकलचे पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे मोठे, पायांची गती एकसारखी, नजर पुढच्या चाकापासून चारपाच मीटरवर, असा हा साधा हिशेब आहे. आपल्या घाटांत चढाच्या मधोमध पाठीमागून येणाऱ्या बसचा अंदाज घेण्यात जेवढी शक्ती खर्च होते, तेवढीही येथे श्वासासाठी शिल्लक राहते. खिंड सुमारे १,४५० मीटर उंचीवर आहे. २००९ च्या जुलै महिन्यात या परिसरात मोठा वणवा पेटला होता आणि त्याच्या खुणा उतारांवर अजून दिसतात. खिंडीच्या माथ्यावर वारा इतका होता की ध्वनिमुद्रणातील आमचे एकही वाक्य उपयोगी पडले नाही.

आता उतार, आणि उताराच्या शेवटी हे ओर्गानोस दे मोन्तोरो. चर्चमधील ऑर्गन वाद्याच्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात तसे हे सुळके दिसतात, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. सह्याद्रीचा कडा पाहिलेल्या माणसाला प्रथम वाटते की हाही लाव्हारसच असावा. पण हा चुनखडक आहे. एका प्राचीन समुद्राच्या तळाशी तो थरांवर थर साचत आडवा तयार झाला, आणि पिरेनीजसारखे पर्वत उभे करणाऱ्या भूगर्भातील दाबाने येथे त्या थरांनाच उभे केले. पुस्तकांची चळत कोणीतरी उचलून कपाटात उभी लावावी, तसेच काहीसे घडले आहे. दोन थरांमधील मऊ भाग पाण्याने आणि हिमाने झिजला, कठीण भाग पात्यांसारखे उरले, आणि पायथ्याशी ग्वादालोपे नदीने आपली वाट कोरून काढली.

सुळक्यांवरून तरंगत येणारे हे पक्षी ग्रिफन गिधाडे आहेत. त्यांच्या पंखांचा विस्तार अडीच मीटरच्या आसपास असतो, आणि युरोपात त्यांची सर्वाधिक संख्या स्पेनमध्ये आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपल्याकडची गिधाडे ज्या वेगाने नाहीशी झाली, तो वेग आठवणाऱ्या प्रेक्षकांना हे दृश्य थोडे अधिक वेळ पाहता यावे, म्हणून आम्ही ते कापलेले नाही.

(चाळीस सेकंद निवेदन नाही.)

पितार्के नदी ओलांडली की बियारल्वेंगोचा चढ लागतो. या नदीच्या काठी एके काळी कागदाचे आणि कापडाचे कारखाने होते. डोंगरांतून बारमाही वाहणारे स्वच्छ पाणी हेच त्यांचे भांडवल होते. आज त्या खोऱ्यात पाण्याचाच तेवढा आवाज आहे. नदीचा उगम प्रेक्षणीय आहे असे सर्वांनी सांगितले, पण तेथे पायी जावे लागते आणि आमच्या पायांत सायकलचे बूट होते.

बियारल्वेंगो गाव कड्याच्या टोकावर बसलेले आहे, आणि जुळ्या मनोऱ्यांचे हे चर्च त्याची लांबूनची ओळख आहे. दरीवर उघडणाऱ्या या सज्जाला गावकरी ‘परगावच्यांचा सज्जा’ म्हणतात. नावात कौतुक आहे की थट्टा, हे आम्ही बारमध्ये विचारले, तेव्हा काउंटरमागच्या आजींनी उत्तर देण्याऐवजी आमच्यापुढे आणखी एक बशी सरकवली. बशीत दिसतो तो तेलात मुरवलेला डुकराच्या मांसाचा तुकडा: थंडीच्या सुरुवातीला डुक्कर मारायचे, मांस तळून मातीच्या भांड्यात तेलाखाली बुडवून ठेवायचे आणि ते वर्षभर पुरवायचे, ही या मुलखाची जुनी रीत आहे. वर टांगलेल्या मांड्या याच प्रांताच्या हॅमच्या आहेत. स्पेनमध्ये हॅमला उगमस्थानाचे अधिकृत मानांकन सर्वप्रथम तेरुएलला, १९८४ मध्ये मिळाले. कोरडी, थंड हवा हेच त्यामागचे मुख्य कारण. गावात दुकान एखाददुसरे, आणि तेही कधी उघडे असेल याचा नेम नाही. असा एक बार बंद झाला, तर सायकलने येणाऱ्याला पुढचे वीसेक किलोमीटर रिकाम्या पोटी काढावे लागतात, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना पत्ते खेळायला जागा उरत नाही.

कान्यादा दे बेनातांदुसच्या पुढे झाडे विरळ होत जातात आणि कॅमेऱ्यात दगडी बांधांखेरीज काही मावत नाही. हा बांध जवळून पाहण्यासारखा आहे. यात चुना नाही, माती नाही. तळाला मोठे दगड, दोन्ही बाजूंनी आत कललेल्या थरांत मध्यम दगड, पोटात चिपांची भर, आणि माथ्यावर पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या कपच्या, ज्या वजनाने खालचे सगळे दाबून धरतात. शेतातून वेचलेला दगड शेताच्याच कडेला लागला, म्हणजे जमीनही मोकळी झाली आणि मेंढ्याही अडल्या. कोरड्या दगडी बांधकामाच्या या कौशल्याला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. बांध रचणारे हात कमी झाले आहेत, त्यामुळे पडलेला बांध सहसा पडलेलाच राहतो.

क्वार्तो पेलादोची खिंड १,६०० मीटरहून उंच आहे. रविवार असल्याने येथे मोटारसायकलींचा एक मोठा तांडा आम्हांला भेटला. निःशब्द मार्गाची जाहिरात वाचून आलेले ते सज्जन आपापली इंजिने घुमवीत निःशब्दतेची छायाचित्रे काढत होते. तो भाग आम्ही गाळला आहे.

येथून कान्ताव्येखापर्यंत पॅडल मारावे लागत नाही. तीन बाजूंनी तुटलेल्या कड्यावरील या गावाची जागा पाहिली की स्पेनच्या राजगादीच्या वारशावरून पेटलेल्या पहिल्या कार्लिस्ट युद्धात, म्हणजे १८३३ ते १८४० या काळात, कार्लिस्टांचा जनरल रामोन काब्रेरा याने ते आपले ठाणे का केले, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘मायेस्त्रास्गोचा वाघ’ म्हणून तो ओळखला जाई, आणि त्या युद्धांचे संग्रहालय आज गावात आहे. कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेल्या या चौकात एका बाजूला चर्च आणि एका बाजूला नगरपालिका आहे. संध्याकाळचे ऊन कमानींतून फरशीवर आले आहे, खांबाला सायकल टेकवलेली आहे, तिच्या मागच्या चाकावर तीन खिंडींची धूळ आहे. दोन मुले येऊन तिची घंटा वाजवून पाहतात. घंटा वाजत नाही, कारण एखुल्वेपासून तिची गरज पडली नव्हती आणि ती सैल झाल्याचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.