डेट्रॉइटची भिंत आणि जनगणनेचे रकाने

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहर आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे ते जगभर नावाजलं. या शहराच्या उत्तर टोकाला, घरांच्या परसांमधून एक भिंत जाते. सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला तिथे गोऱ्या कुटुंबांसाठी घरं बांधायची होती. लगतच कृष्णवर्णीयांची वस्ती होती. गृहकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याने, म्हणजे फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने, तेवढ्या कारणावरून हमी नाकारली. मग बिल्डरने दोन वस्त्यांच्या मध्ये ही भिंत घातली आणि हमी मंजूर झाली!

ही भिंत उभी राहण्याआधी कागदावर रेघा ओढून झाल्या होत्या. १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही घरांसाठी कर्ज देणारी सरकारी संस्था निघाली आणि त्या दशकात तिने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे करून घेतले. प्रत्येक मोहल्ल्याला एक रंग. हिरवा म्हणजे उत्तम, निळा म्हणजे अजून बरा, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेला आणि लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा. प्रत्येक भागाचा एक तक्ताही भरला जाई. घरं किती जुनी, लोक काय काम करतात, परदेशात जन्मलेले किती, कृष्णवर्णीय किती, आणि नको असलेल्या लोकांची ‘घुसखोरी’ होते आहे का, हेसुद्धा. नीटनेटकी, छापील, अधिकृत माहिती. तीच माहिती माणसाला घर नाकारायला कामी आली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण हे नकाशे आता पुन्हा पुष्कळ फिरतात आणि सगळा दोष त्यांच्यावरच ढकलला जातो. या संस्थेने स्वतः लाल भागांतल्या लोकांनाही कर्जं दिली होती. खरं दार बंद केलं ते हमी देणाऱ्या खात्याने, स्वतःच्या नियमांनी आणि स्वतःच्या नकाशांनी. घर विकताना किंवा भाड्याने देताना असा भेदभाव करायला कायद्याने बंदी झाली ती १९६८ मध्ये. तोवर कर्ज मिळालेली गोरी कुटुंबं उपनगरांत स्थिरावली होती. १९५० मध्ये डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा लाख एकोणचाळीस हजारांवर आली. आज शहरात दर चारांतली तीनहून जास्त माणसं कृष्णवर्णीय आहेत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेच राहतात.

आता याच शहराच्या पोटात हॅमट्रॅमिक नावाचं एक स्वतंत्र, चिमुकलं शहर आहे. क्षेत्रफळ दोन चौरस मैल, लोकवस्ती अठ्ठावीस हजार. डॉज कंपनीच्या कारखान्यामुळे इथे पोलंडची माणसं आली आणि गाव पोलिशच झालं. कारखाना १९८० मध्ये बंद पडला. पुढे बांगलादेशी आले, येमेनी आले. २००४ मध्ये इथे अजानसाठी लाउडस्पीकरला परवानगी मिळाली आणि २०१५ मध्ये नगर परिषदेत मुस्लिम सदस्यांचं बहुमत झालं.

आता जनगणनेतले वंशाचे आकडे घेऊन हॅमट्रॅमिकचा नकाशा काढा. बांगलादेशी ‘आशियाई’ म्हणून वेगळे दिसतात. येमेनी मात्र हरवतात! कारण आजवरच्या जनगणनेच्या व्याख्येत अरब लोक ‘गोरे’ धरले गेले आहेत. म्हणजे जुना पोलिश म्हातारा आणि काल आलेलं येमेनी कुटुंब, दोघांचा ठिपका एकाच रंगाचा. ते येमेनी दिसायला हवे असतील तर वंशाचा तक्ता बाजूला ठेवावा लागतो. मूळ कुठलं आणि घरात कोणती भाषा बोलतात, हे तक्ते काढावे लागतात. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वेगळा गट मान्य केला. अरब अमेरिकनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, आणि मला ती मागणी अगदी रास्त वाटते. ज्यांची गणतीच नाही त्यांच्यासाठी शाळेत दुभाष्या कोण मागणार?

भाषेची ही माहिती दहा वर्षांच्या जनगणनेतून येत नाही. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे नावाची पाहणी वर्षभर चालते. दरवर्षी सुमारे पस्तीस लाख पत्त्यांवर तिचे फॉर्म जातात. हा नमुना असल्यामुळे प्रत्येक आकड्याशेजारी चुकीची संभाव्य मर्यादा छापलेली असते. लहान मोहल्ल्याच्या बाबतीत ती मर्यादा कधी कधी आकड्याएवढीच मोठी असते. ती न वाचता रंगवलेल्या नकाशावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि आपली मराठी? भाषांच्या तपशीलवार तक्त्यात गुजरातीला वेगळा रकाना आहे, हिंदीला आहे, तेलुगूला आहे. मराठी मात्र नेपाळी आणि इतर भाषांबरोबर एकाच रकान्यात बसवलेली आहे. न्यू जर्सीत मराठी मंडळाचा गणेशोत्सव कितीही भरला, तरी त्या तक्त्यावरून तिथे मराठी किती आणि नेपाळी किती हे काढता येत नाही.

त्या फॉर्मवर घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असतो आणि उत्तराला मोकळी जागा असते. आपला मुलगा, मुलगी, भाचा कोणी तिकडे असेल आणि त्यांच्या दारी हा फॉर्म आला, तर तो भरणं कायद्याने बंधनकारक आहे, एवढं त्यांना सांगा. आणि घरात मराठी बोलत असतील, तर त्या जागेत मराठीच लिहा म्हणावं.

नमस्कार.