भाजीची जुडी आणि टोमॅटोचा डबा

(परभणी जिल्ह्यातल्या एका गावी बचत गटाच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, संपादित)

मघाशी एका लेकीनं विचारलं, "मॅडम, जाऊबाई पुण्याहून टोमॅटोचे डबे आणतात. म्हणतात, ताज्या भाजीपेक्षा ह्यात जास्त ताकद. खरं का?"

जाऊबाईंचं निम्मं खरं आहे. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन कच्च्या फळात पेशींमध्ये अडकलेलं असतं. डबाबंद करताना टोमॅटो तापवतात, तेव्हा ते सुटं होतं. सोबत तेल असलं की अंगी लागतं. सी जीवनसत्त्व थोडं जातं, पण बरंच उरतं. मीठ किती घातलंय ते मात्र डब्यावर वाचा, विशेषतः घरात कुणाला बीपी असेल तर.

पण बायांनो, आपल्याला कमी काय पडतंय? रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ जणींना रक्तक्षय निघाला. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. १०० ग्रॅम पालकात ते तीनेक मिलिग्रॅम असतं, डब्यातल्या तेवढ्याच टोमॅटोत जेमतेम एक. रक्त तयार व्हायला लागणाऱ्या फोलेट ह्या जीवनसत्त्वात तर टोमॅटो पालकाच्या जवळपासही येत नाही. ह्या फोलेटची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. लुसी विल्स नावाच्या डॉक्टरबाई मुंबईत गिरणीकामगार गरोदर बायांचा रक्तक्षय तपासत होत्या. यीस्टच्या अर्कानं त्या बाया सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातलं औषध म्हणजे फोलेट. पुढं १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या 'पान' ह्या शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड नाव दिलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी पालेभाजी, मग डबा. पालकातलं सगळं लोह मात्र अंगी लागत नाही, आणि त्यातलं कॅल्शियम तर ऑक्झॅलिक आम्ल धरून ठेवतं. कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला कितीतरी बरा. लोहासाठी भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर टोमॅटो घाला, डब्यातला असला तरी चालेल. आंबटातलं सी जीवनसत्त्व पानातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला, की ही मेहनत वाया.

आणि साठवण काय फक्त डब्यातच होते? माझी आई पौषात हरभऱ्याचे शेंडे खुडायची. पानांवरच्या आंबट आंबीनं बोटं चुरचुरायची, लुगड्याच्या ओच्यात पाला दाबून भरलेला असायचा. घरी आल्यावर तो ओसरीवर, सावलीत पसरायचा. उन्हात नाही. कडक उन्हात त्यातलं केरोटीन, ज्याचं अंगात ए जीवनसत्त्व होतं, ते जातं, सावलीत बरंचसं टिकतं. वाळवताना सी जीवनसत्त्व जातं खरं, पण लोह कुठं जात नाही. वैशाखात मंडईत हिरवं पान दिसत नसायचं, तेव्हा आमच्या ताटात ती भाजी असायची.

तुमच्यातल्या काहीजणींना पालक बाटलीत भरून विकायचाय, असं ऐकलं. घरच्या पातेल्यात उकळून ते करू नका. टोमॅटो आंबट, म्हणून त्यात बोट्युलिनमचा जंतू सहसा वाढत नाही. पालकात तो आंबटपणा नाही. हवाबंद बाटलीत हा जंतू विष तयार करतो, आणि त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं झोपलेलं रूप, नुसत्या उकळीनं मरत नाहीत. कारखान्यात दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावं लागतं. तुम्ही वाळवूनच विका.

मागं अंगणात करडईच्या भाजीच्या जुड्या आणून ठेवल्यात. आधी धुवा, मग चिरा, आणि फोडणीला तेल घालताना हात आखडू नका.