जपानचा कोळसा: शोधणारे आणि काढणारे

जपानकडे खनिजे नाहीत, तरी तो पुढे गेला, असे आपण नेहमी ऐकतो. तेलाच्या आणि लोखंडाच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. दगडी कोळशाच्या बाबतीत नाही. दक्षिणेला क्यूशू आणि उत्तरेला होक्काइदो या बेटांवर तो चांगलाच होता, आणि मेजी काळातली (१८६८ ते १९१२, जपानच्या आधुनिकीकरणाचा काळ) आगबोट, आगगाडी, कारखाना सगळे त्याच्यावर चालले. तो शोधला कोणी आणि काढला कोणी, हे मला आज सांगायचे आहे.

१८७३ साली बेंजामिन लायमन हे अमेरिकन भूवैज्ञानिक होक्काइदोला आले. सगळीकडे दाट जंगल, वाटा नाहीत. अशा मुलखात नदी धरूनच जावे लागते. पाण्याने काठ कापला की आतले थर उघडे पडतात. काळा पट्टा दिसला की थांबायचे, जाडी मोजायची, थर कोणत्या दिशेला आणि किती तिरपा जमिनीत उतरतो ते टिपायचे. या नोंदी जुळवून १८७६ साली सबंध बेटाचा भूवैज्ञानिक नकाशा छापला गेला. १८७९ साली होरोनाईची खाण सुरू झाली आणि १८८२पर्यंत तिथून ओतारू बंदरापर्यंत रेल्वे पोचली.

लायमन यांच्या हाताखाली जपानी तरुण होते. मोजणी, गणित, नकाशे ते त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्यातल्याच बान इचितारो यांना १८८८ साली होक्काइदोतल्याच युबारीचा मोठा कोळशाचा थर सापडला. तोवर लायमन मायदेशी परतून काही वर्षे झाली होती! या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी घटना ही. हेच लायमन १८७०मध्ये इंग्रज सरकारसाठी पंजाबात तेलाची पाहणी करून गेले होते. आपल्याकडे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ पासून, तेही मुख्यतः कोळशासाठीच. पण त्यात वरच्या श्रेणीत पहिला भारतीय, प्रमथनाथ बोस, यायला १८८० साल उजाडले.

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून चालणार नाही. क्यूशूतली मिइके खाण सरकारने १८७३ साली ताब्यात घेतली आणि कैद्यांना आत उतरवले. होरोनाईतही तेच झाले. १८८८ साली मित्सुई या बड्या उद्योगसमूहाने ४५ लाख ५५ हजार येनला मिइके विकत घेतली. अमेरिकेत शिकून आलेल्या दान ताकुमा यांनी मोठे पंप बसवून पाण्याचा उपसा केला, १९०८ साली बंदर बांधले. पण कैदी १९३० सालच्या सुमारापर्यंत तिथे राबतच होते. दुसऱ्या महायुद्धात कोरियन आणि चिनी माणसे जबरदस्तीने आणली गेली. जपानच्या औद्योगिक प्रगतीचे कौतुक करताना ही माणसे आपण हिशेबातून वगळतो, हे मला मान्य नाही.

युद्धानंतर १९४७ साली सरकारने कोळसा आणि पोलाद यांनाच आधी भांडवल दिले. ३ कोटी टनांचे लक्ष्य ठेवले. पुढे स्वस्त तेल आले आणि कोळसा मागे पडला. ९ नोव्हेंबर १९६३च्या स्फोटात मिइकेत ४५८ कामगार गेले; खाण १९९७ साली बंद झाली. होक्काइदोतल्या कुशिरोची मोठी खाण २००२ साली बंद पडली, तेव्हा स्थानिक मंडळींनी नवी कंपनी काढून तिचा काही भाग चालू ठेवला. तिथे व्हिएतनाम आणि चीनमधले खाणकामगार-अभियंते प्रशिक्षणाला येऊ लागले.