कॉपी तर झाली, मग मशीन उठत का नाही?

विषय तुम्ही बाहेर फळ्यावर वाचलाच असेल, जुन्या डिस्कवरची पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग (सी, डी वगैरे), नव्या डिस्कवर टाकली की मशीन बूट का होत नाही, म्हणजे चालू होऊन विंडोजपर्यंत का पोचत नाही. माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वेळ नाही उरला तरी चालेल: डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, बूट होताना एकजण पुढच्याला शोधत जातो आणि मधेच कोणाला तरी पुढचा सापडत नाही. कोणाला सापडला नाही ते स्क्रीनवर लिहून येतं. ते वाचा, फॉरमॅट मारू नका.

आता ह्या फॉरमॅटवर मला जरा बोलू द्या, बरेच दिवस साठलंय. मशीन उठलं नाही की दुकानात एकच औषध, "फॉरमॅट मारावं लागेल, पाचशे रुपये, डेटाची गॅरंटी नाही". स्क्रीन न बघता! हसताय म्हणजे तुमच्याकडूनही घेतलेत पाचशे.

माझ्या ओळखीत एक प्रेसवाले काका आहेत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल, असं काम. मशीन विंडोज सेव्हनचं, त्यात पेजमेकर, श्रीलिपी, कोरल, एक जुना प्रिंटर ज्याची ड्रायव्हरची सीडी कधीच हरवली, आणि वीसेक वर्षांच्या पत्रिका. (विंडोज सेव्हन अजून कोण वापरतं असं विचारणाऱ्यांनी एकदा डीटीपीवाल्यांच्या गल्लीत फिरून यावं.) हार्ड डिस्क टक टक आवाज करायला लागली म्हणून काकांच्या भाच्यानं नवी एसएसडी आणली. पोरगा हुशार, काम नीट केलं, सी कॉपी केला, डी कॉपी केला. सुरुवातीला एक शंभर एमबीचं, ड्राइव्ह लेटर नसलेलं पार्टिशन होतं, ते सोडून दिलं. शंभर एमबीत काय असणार? नवी डिस्क लावली, काळी स्क्रीन, "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". दुकानात नेलं, औषध ठरलेलं. आणि लग्नसराई तोंडावर!

काकांचा फोन आला, "अरे, काँप्युटर गेला." म्हटलं काका, स्क्रीनचा फोटो पाठवा. फोटो आला त्यात निम्मी ट्यूबलाइट, काकांचं बोट, आणि उरलेल्या जागेत "प्रॉपर बूट" एवढंच. पण तेवढं पुरलं मला. हे वाक्य विंडोजचं नाहीये, हे बायॉसचं, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं आहे, म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, मग विंडोज फॉरमॅट करून काय मिळणार होतं?

ते शंभर एमबी म्हणजे सिस्टिम रिझर्व्ह्ड. सेव्हनमधे बूट मॅनेजर (विंडोज उठवणारा छोटा प्रोग्राम) आणि बीसीडी, म्हणजे कुठलं विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे त्याची नोंद, दोन्ही तिथंच असतं. आणि त्याच्याही आधी डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे अगदी पहिला तुकडा, एमबीआर, तो तर कुठल्याच पार्टिशनमधे नसतो, त्यामुळे पार्टिशनं कितीही निगुतीनं कॉपी करा, तो येतच नाही. १९८३ सालच्या पीसी डॉस २.० पासूनची ही व्यवस्था. ५१२ बाइट. त्यातले ४४६ बूट कोडला, ६४ पार्टिशन टेबलला, १६-१६ च्या चार ओळी (म्हणून प्रायमरी पार्टिशनं चारच), आणि शेवटचे दोन बाइट सही, म्हणजे हा बूटचा सेक्टर आहे अशी खूण. ४४६ बाइट म्हणजे किती कमी? युनिकोडमधे, यूटीएफ-८ मधे, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दीडशे चिन्हंही मावणार नाहीत, काकांच्या पत्रिकेतली नुसती "आपले नम्र" खालची नावं त्याहून जास्त होतात! एवढ्याशा जागेतला कोड काय करणार, तो फक्त टेबलात अ‍ॅक्टिव्ह खूण असलेलं पार्टिशन बघतो आणि त्याच्या पहिल्या सेक्टरकडे काम सोपवतो. काकांच्या नव्या डिस्कवर ती खूणच नव्हती.

मग काय, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली, सेव्हनची डीव्हीडी, रिपेअर, कमांड प्रॉम्प्ट. डिस्कपार्टमधे (पार्टिशनं हाताळायची विंडोजची कमांड) जाऊन विंडोजचं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह केलं. बाहेर येऊन बूटरेक फिक्सएमबीआर, बूटरेक फिक्सबूट, आणि मग बीसीडीबूट, ज्यानं बूट मॅनेजर आणि नवी बीसीडी थेट सी वरच लिहिली. एक सांभाळायचं, डीव्हीडीवरून आल्यावर लेटरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथं डी दिसेल, म्हणून आधी डीआयआर (फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोजचा फोल्डर कुठं आहे ते बघा. रीस्टार्ट केलं, श्रीलिपी जागेवर, पत्रिका जागेवर. काका म्हणाले, "दुकानवाला तर म्हणत होता…" जाऊ दे.

चिठ्ठी आली. आठ मिनिटं उरलीत. बरं, मग नवीन मशीनचं पळत पळत घेऊ, खरं तर मुख्य विषय तोच होता.

यूईएफआय, म्हणजे बायॉसच्या जागी आलेली नवी व्यवस्था, असलेल्या मशीनवर एमबीआरचा कोड चालत नाही, तिथं जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असलेली डिस्क आणि ईएसपी नावाचं छोटं फॅट३२ पार्टिशन, बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा प्रोग्राम, त्यात. ते राहिलं तर मशीन उठत नाही, आणि आणलं तरी खात्री नाही, कारण मदरबोर्डच्या मेमरीतली बूट एंट्री पार्टिशनच्या जीयूआयडीवर, म्हणजे ओळख क्रमांकावर, बांधलेली असते आणि नव्या डिस्कवर नवं पार्टिशन बनवलं की तो आकडा बदलतो. उपाय परत तोच, डिस्कपार्टमधे ईएसपीला एस लेटर द्या आणि बीसीडीबूट चालवा, स्लॅश एस पुढे एस कोलन, स्लॅश एफ पुढे यूईएफआय. फाइली येतात; स्लॅश एस दिलं की मेमरीत एंट्री होत नाही, पण ईएसपीतल्या ठरलेल्या जागी बूटलोडरची एक प्रत पडते आणि मदरबोर्ड ती स्वतः शोधतो.

बूट मॅनेजर आला पण 0xc000000e हा शून्याशून्यांचा कोड दिसला, तर बीसीडीत जुन्या डिस्कची ओळख राहिलीये, परत बीसीडीबूट. विंडोजचा लोगो आला आणि मग निळी स्क्रीन, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, तर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, उठलाय पण डिस्कचा ड्रायव्हर नाही. साटावरून एनव्हीएमईवर (डिस्क जोडायची जुनी आणि नवी पद्धत) गेलात किंवा बायॉसमधे डिस्कच्या रेड आणि एएचसीआय या सेटिंगांची अदलाबदल झाली की हे होतं, एकदा सेफ मोडमधे उठवलं की बरेचदा ड्रायव्हर लागतो. सेव्हनवाल्यांनी एनव्हीएमईच्या नादी लागू नका, त्यात तो ड्रायव्हर मुळात येतच नाही.

लिनक्सवाले, तुमचं ग्रब रेस्क्यू (ग्रब म्हणजे लिनक्सचा बूटलोडर) आलं तर लाइव्ह यूएसबीवरून उठवा, सीएचरूटनं डिस्कवरच्या सिस्टिममधे शिरा, मग ग्रब इन्स्टॉल, अपडेट ग्रब. दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमधे टाकलं तर एफएसटॅबमधे (बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी) जुना यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक, आहे. नवी फाइलसिस्टिम बनवून आरसिंकनं फाइली कॉपी केल्या की यूयूआयडी बदलतो, बीएलकेआयडी कमांडनं नवा बघून दुरुस्त करा, स्वॅपचाही. आणि डीडीनं अख्खी डिस्क जशीच्या तशी कॉपी केली असेल तर उलटी अडचण, दोन्ही डिस्कना एकच यूयूआयडी, जुनी लावलेली असेल तर सिस्टिम कुठली उचलेल सांगता येत नाही. म्हणून पहिलं बूट सगळ्यांनीच जुनी डिस्क काढून करायचं, विंडोज असो की लिनक्स.

हो हो, संपवतोय. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, राहिलं. लॅपटॉपवर ते चालू असेल तर हात लावायच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड करा, ती की नसेल तर मात्र मीही काही करू शकत नाही आणि दुकानवालाही नाही. प्रश्न खाली चहाच्या टेबलापाशी विचारा, हॉल रिकामा करायचाय.