सायटेशन उघडून बघा : पॅरालीगल विद्यार्थ्यांसाठी कायद्याचा शोध

(पडद्यावर न्यायालयात दाखल केलेला कागद. कॅमेरा एका ओळीवर थांबतो : ९२५ एफ.थ्रीडी १३३९)

ही ओळ नीट वाचा. पहिला आकडा खंडाचा, मधली अक्षरं ग्रंथमालेची, शेवटचा आकडा पानाचा. अमेरिकेतल्या संघीय अपील न्यायालयांचे निकाल ‘फेडरल रिपोर्टर’ या मालेत छापले जातात. त्या मालेच्या तिसऱ्या मालिकेतला खंड ९२५, पान १३३९. कायद्याच्या कामात याला सायटेशन म्हणतात.

या कागदानुसार त्या जागी अकराव्या सर्किटचा, म्हणजे एका विभागाच्या संघीय अपील न्यायालयाचा, एका विमान कंपनीविरुद्धचा निकाल असायला हवा. खंड उघडला तर तिथे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाचा, पूर्णपणे वेगळ्या विषयावरचा निकाल सापडतो. विमान कंपनीचा तो निकाल कोणत्याच न्यायालयाने कधी दिलेला नव्हता. चॅटजीपीटीने तो रचला होता.

हे प्रकरण २०२३ चं, न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातलं. विमानात सर्व्हिंग ट्रॉली गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशाने एव्हियान्का कंपनीवर दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी दाखवलेले अनेक निकाल बनावट निघाले. न्यायाधीश पी. केव्हिन कॅसल यांनी ५,००० डॉलरचा दंड केला. शिवाय त्या खोट्या निकालांवर ज्या खऱ्या न्यायाधीशांची नावं घातली होती, त्या प्रत्येकाला पत्र पाठवून हे कळवायला लावलं.

खंड काढून पान बघायला पाच मिनिटं पुरली असती. आणि हे पाच मिनिटांचं काम बहुतेक कार्यालयांत पॅरालीगलच्याच, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणाऱ्या सहाय्यकाच्याच, टेबलावर येतं. म्हणून शोध कुठे घ्यायचा, हा प्रश्न विद्यार्थ्याने अभ्यासक्रम चालू असतानाच सोडवलेला बरा.

(ग्रंथालयातले उंच रॅक, जाड खंडांच्या रांगा)

एकेकाळी हे खंड ज्याच्याजवळ, त्याच्याजवळ कायदा, अशी स्थिती होती. ती बदलायला १९९२ मध्ये सुरुवात झाली. कॉर्नेल विद्यापीठात लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि कायद्याचा मजकूर इंटरनेटवर मोफत येऊ लागला. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑस्टलीने हीच वाट धरली. पुढे ब्रिटनमध्ये बेली आलं, कॅनडात कॅनली. अशा संस्थांनी २००२ मध्ये माँट्रिअलला एक जाहीरनामा मांडला : सार्वजनिक कायदेविषयक माहिती ही मानवजातीचा सामाईक वारसा आहे, ती सर्वांना विनामूल्य मिळाली पाहिजे. माझ्या लेखी हे फार मोठं काम आहे. नियम पाळायला लावायचे आणि ते वाचायचे मात्र पैसे घ्यायचे, हे न्यायाला धरून नाही.

हार्वर्डच्या लॉ लायब्ररीने तर आपल्याकडच्या जुन्या निकालग्रंथांच्या बांधण्या कापल्या आणि सुमारे ४ कोटी पानं स्कॅन केली. ६५ लाखांहून अधिक निकाल. २०१८ मध्ये हा संग्रह लोकांसाठी उघडला आणि २०२४ मध्ये त्यावरची उरलीसुरली बंधनंही उठली. जुना निकाल शोधायला यासारखी जागा नाही. ताज्या निकालासाठी मात्र त्या त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर जावं.

(संगणकाचा पडदा, दाव्यातल्या अर्जांची यादी)

निकाल मोफत मिळतात, पण दाव्यातले अर्ज आणि जबाब? अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे हे कागद ‘पेसर’ या सरकारी व्यवस्थेत असतात. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तीन महिन्यांत बिल ३० डॉलरच्या वर गेलं नाही, तर ते माफ होतं. त्यामुळे विद्यार्थ्याने बिचकू नये. आणि खर्च करण्याआधी ‘कोर्टलिसनर’ या मोफत संकेतस्थळावर बघावं. तिथे इतरांनी आधीच काढलेले पुष्कळ कागद मोफत पडलेले असतात.

इथपर्यंत सापडणं झालं. अवघड भाग पुढेच आहे. सापडलेला कायदा आज जिवंत आहे का?

(जुन्या निकालग्रंथाचं पान. समासात चिकटवलेली छोटी चिठ्ठी)

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. १८७३ मध्ये शिकागोत फ्रँक शेपर्ड यांनी गोंद लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. वकील त्या निकालाच्या समासात चिकटवत. या निकालाचा आधार पुढे कुणी घेतला, तो कुणी फिरवला, हे पान उघडताच कळायचं. आज वेस्टलॉ या पैसे भरून वापरायच्या कायदा-डेटाबेसमध्ये निकालाच्या डोक्यावर लाल निशाण दिसतं, ते त्याच चिठ्ठीचं काम करतं. मोफत साधनांत हा भाग कच्चा असतो. गुगल स्कॉलर एखाद्या निकालाचा उल्लेख पुढे कुठे झाला ते दाखवतं. तो निकाल टिकला की पडला, हे मात्र पुढचे निकाल वाचून आपणच ठरवायचं असतं.

गर्भपाताच्या हक्काबद्दलचा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल आजही शब्दन् शब्द तसाच वाचायला मिळतो. पण २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. रद्द झालेल्या कलमाखाली जिवंत माणसं आरोपी होत होती. कुणीतरी जुनी प्रत तशीच वापरली, की त्याची किंमत अशी दुसराच कुणी मोजतो.

(वाचनकक्ष. भिंतीलगत संगणक)

अभ्यासक्रमासोबत मिळालेलं वेस्टलॉ किंवा लेक्सिसचं लॉगिन शिक्षण संपलं की सहसा बंद होतं. तेव्हा सार्वजनिक कायदा ग्रंथालय गाठा. अनेक ठिकाणी हेच महागडे डेटाबेस तिथल्या संगणकावर मोफत वापरता येतात. आणि तिथले ग्रंथपाल! विद्यार्थी त्यांना विचारायला का लाजतात, कळत नाही. दाव्यात काय करावं हा सल्ला ते देणार नाहीत, तो त्यांचा अधिकार नाही. पण कोणत्या खंडात, कोणत्या पुरवणीत बघायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. जाताना प्रश्न लिहून न्या : कोणत्या न्यायालयाचा कायदा, कोणत्या वर्षाचा, आणि आतापर्यंत कुठे कुठे शोधलं.

नोंदवहीत प्रत्येक निकालासमोर सायटेशन लिहा, मूळ मजकूर कुठे वाचला ते लिहा आणि तो अजून लागू आहे हे कोणत्या तारखेला तपासलं, तेही लिहा. अर्ज दाखल व्हायच्या दिवशी ती तारीख जुनी झाली असेल, तर पुन्हा तपासा.