सहा मीटर वायर

आधी शॉर्टवेव्ह रेडिओचा, म्हणजे लांबलांबच्या देशांतली स्टेशनं पकडणाऱ्या रेडिओचा, हा आवाज ऐका. नुसती खरखर वाटतेय ना? आता अंगठ्याकडे बघा, स्टेशन लावायचं चाक इतकं हळू फिरतंय की हलतंय हेसुद्धा कळत नाही. ९५०० किलोहर्ट्झ, ९५०५, ९५१०... आणि आला! माणूस बोलतोय. भाषा कळत नाहीये, हरकत नाही, दोन मिनिटं तसंच ऐकू या.

हा सेट तळहातावर मावतो. जुना आहे, कोपऱ्यात चीर गेलीये. शॉर्टवेव्ह ऐकायचं म्हटलं की लोक आधी महागडे सेट बघायला लागतात आणि मग किंमत बघून विषयच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण सुरुवातीला खरा फरक सेटने पडत नाही, वायरने पडतो. सेट कुठलाही चालेल, फक्त आकड्यात फ्रिक्वेन्सी दाखवणारा असेल तर शोधाशोध खूप वाचते. जुना घेत असाल तर हे झाकण उघडायचं, असं, आणि सेलच्या पट्ट्या बघायच्या. हिरवा-पांढरा थर चढलेला दिसला तर जरा विचार करा.

आता वायर. साधी, प्लास्टिकचं कव्हर असलेली, पाच-सहा मीटर. टोकाचं कव्हर ब्लेडने गोल कापायचं, फार दाबायचं नाही, नाहीतर आतल्या तारा तुटतात. हे ओढलं, बघा, तांब्याच्या बारीक तारा मोकळ्या झाल्या, त्यांना पीळ द्यायचा आणि चिमट्याने सेटच्या अँटेनाला अडकवायचं. दुसरं टोक खिडकीबाहेर, विजेच्या तारांपासून लांब. आता सिग्नलच्या पट्ट्या बघा, मघाशी एक होती, आता चार. कधी कधी उलटंही होतं, छोट्या सेटला एवढा सिग्नल झेपत नाही आणि एकच दणदणीत स्टेशन डायलवर चार ठिकाणी ऐकू येतं. तेव्हा चिमटा काढायचा आणि वायर कव्हरसकट अँटेनाला नुसती गुंडाळायची.

आणि ही गुणगुण? ती आकाशातून येत नाहीये, घरातूनच येतेय. हा फोनचा चार्जर काढला... थोडी कमी झाली. एलईडी दिवा बंद केला... आता राउटर... ऐकलंत? खोली तीच, सेट तोच, आणि मागे दबलेलं गाणं वर आलं. म्हणून मी कायम सेलवरच ऐकतो, ॲडॉप्टर लावतच नाही.

बाहेर अंधार पडतोय तो शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ, या लहरी वर आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात, वळून हजारो किलोमीटर लांब खाली उतरतात. असा थर वर असला पाहिजे हे केनेली आणि हेवीसाइड या शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये, वेगवेगळं, सांगितलं होतं, आणि तो खरंच आहे हे ॲपलटनने १९२४ मध्ये प्रयोगाने दाखवलं. दिवसा उन्हामुळे त्याच्याखाली अजून एक थर तयार होतो, तो खालच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. शॉर्टवेव्हचे बँड लहरीच्या लांबीवरून, मीटरमध्ये ओळखतात, लहर जितकी लांब तितकी फ्रिक्वेन्सी खालची. म्हणून संध्याकाळनंतर ४९, ४१ आणि ३१ मीटरवर ऐकायचं, भर दिवसा १९ मीटरच्या आसपास. दुपारी ४९ मीटरवर काही लागलं नाही म्हणून सेट खराब समजू नका.

सेट तपासायचा असेल तर ५०००, १०००० आणि १५००० किलोहर्ट्झ फिरून बघा, तिथे वेळेचे सिग्नल असतात, दर सेकंदाला एक टिक. मला ती टिक अजूनही तासभर ऐकवते.

मधल्या काळात बरीच स्टेशनं गेली, रेडिओ नेदरलँड्स २०१२ मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलिया २०१७ मध्ये शॉर्टवेव्हवरून उतरलं. पण मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी बीबीसीने शॉर्टवेव्ह परत सुरू केलं, हेही लक्षात असू द्या.

ही वही. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं, किती स्वच्छ आलं. गाणं असेल तर बाई गातेय की पुरुष, वाद्य कुठलं वाटलं, तेही लिहायचं, कारण स्टेशनला रिपोर्ट पाठवताना खरंच ऐकलंय हे यावरूनच त्यांना कळतं. मग उत्तरात असं क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ऐकल्याची स्टेशनने दिलेली पोच, येतं. सगळी पाठवत नाहीत, पण हे बघा, एक आलंय. कोपऱ्यात हाताने लिहिलेली फ्रिक्वेन्सी, आणि शेजारी वहीतली आमची ओळ, दोन्ही आकडे तेच.

झोपायच्या आधी चिमटा काढायचा आणि वायर आत ओढून घ्यायची. लांब कुठे वीज चमकताना दिसली तर लगेच, कार्यक्रम अर्धा राहिला तरी.