एक धून, अनेक फेऱ्या: युजी ओनो

(पडद्यावर: स्टुडिओ, पियानोच्या पट्ट्या)

जपानी संगीतकार युजी ओनो यांचा जन्म १९४१ चा, समुद्रकाठच्या अतामी गावचा. केओ विद्यापीठात असताना ते तिथल्या लाइट म्युझिक सोसायटीत वाजवत. पुढे क्लॅरिनेटवादक कोजी फुजिका आणि ड्रमर हिदेओ शिराकी यांच्या जॅझ संचांत ते पियानोवर होते. मग जाहिरातींचं काम आलं. मोजक्या सेकंदांत चाल सुरू होऊन मनात ठसली पाहिजे आणि संपलीही पाहिजे. पडद्यासाठी लिहिणाऱ्याला याहून चांगली तालीम नाही.

(पडद्यावर: डल्सिमरच्या तारा, अगदी जवळून)

१९७६. दिग्दर्शक कोन इचिकावा यांचा चित्रपट 'इनुगामी-के नो इचिझोकु', वारशापायी होणाऱ्या खुनांची गोष्ट. मुख्य धून ओनोंनी डल्सिमरला दिली. हे आपल्या संतूरच्या नात्यातलं वाद्य. ताणलेल्या तारांवर दोन हलक्या काठ्यांचे आघात होतात. सूर दाबायची सोय बहुधा नसते, त्यामुळे आधीचा सूर पुढच्यात मिसळत राहतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भराभर बदलले तर सगळं गढूळ होतं. इथे चाल सावकाश चालते, खाली व्हायोलिनं पसरतात. खुनांच्या गोष्टीत इतकी हळवी धून ऐकली की अंगावर काटा येतो.

(पडद्यावर: ध्वनिमुद्रणाची यादी, क्रमांकांसह)

१९७७ मध्ये 'लुपिन द थर्ड' या चोराच्या दुसऱ्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) टीव्ही मालिकेचं काम मिळालं. टीव्हीचं गणित निराळं. ॲनिमेचं संगीत बहुतेक वेळा चित्राआधीच, एकगठ्ठा ध्वनिमुद्रित होतं. यादी हातात येते: पाठलाग, दबा धरणं, विरह, फजिती. जोडीला दृश्य बदलताना लागणारे काही सेकंदांचे तुकडे. नंतर तेच तुकडे निवडून भागामागून भाग वापरले जातात. अडतं ते इथेच. पाठलाग चाळीस सेकंदांत संपतो, तेव्हा धून ऐन भरात असते. आवाज मधेच उतरवला की कानाला खटकतं. म्हणून तुकड्याला ठाम शेवट लागतो, आणि मधे कात्री चालेल अशा जागाही. जॅझवाल्याच्या हाताला हे वळण असतंच. ठरावीक बारांचं (मात्रांच्या गटांचं) आवर्तन फिरतं, कुठलीही फेरी संपवून मुखड्यावर येता येतं.

मालिका १९८० पर्यंत, १५५ भाग चालली. शीर्षकधून तीच राहिली, पण तिची मांडणी ओनो बदलत गेले. आधी ब्रासचा (पितळी वाद्यांचा) दणका, मग गायकाचा आवाज. १९८० च्या रूपात व्हायब्राफोन पुढे. धातूच्या पट्टीवर काठीच्या टोकाचा मऊ गोळा पडतो, पेडल दाबलेलं असेपर्यंत सूर तरंगतो, सोडलं की तुटतो. हे रूप सगळ्यांत देखणं आहे.

(पडद्यावर: रंगमंच, वादकांचा संच)

पुढे ओनोंनी स्वतःचा संच बांधून हीच धून मंचावर नेली. टीव्हीच्या शीर्षकात न मावलेले लांब सोलो तिथे वाजू लागले.